जुन्या ट्रकमध्ये नवं डिझेल इंजिन आणि ओव्हरड्राइव्ह: मोजायला मागच्या चाकापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७८ चा पाऊण टनी पिकअप ट्रक, फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह. आत थकलेलं पेट्रोल व्ही-८ इंजिन, चार गिअरचा बॉक्स, मागचा ॲक्सल ४.१० चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट ४.१० फेरे घेतो. त्यात कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा ओव्हरड्राइव्ह बॉक्स (शेवटच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फेरे घेतो असा) बसवायचा आहे. ट्रक कामाचा आहे, ट्रेलर ओढतो, पण रिकामाही हायवेवर बराच पळतो. इंजिन बसेल का, कोणतं घ्यावं, आणि आधी काय विकत घ्यावं?

इंजिन बसेल. तुमच्या मापाच्या चेसिसमध्ये ते अनेकांनी बसवलंय, मीही बसवलंय. पण आधी काय घ्यावं याचं माझं उत्तर आहे: काहीच नको, अगोदर टेप घेऊन मागच्या चाकापाशी बसा. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करून मागे मागे येतात आणि शेवटी गाडी रस्त्यावर आली की कळतं, टॉप गिअरमध्ये इंजिन एक तर किंचाळतंय किंवा गुदमरतंय. मी उलटा जातो. चाक, ॲक्सल, शाफ्ट, गिअरबॉक्स, मग इंजिन. हे उत्तरही त्याच क्रमाने लिहितो.

गाडीत नेहमीचं ओझं ठेवा, टायरमध्ये नेहमीची हवा भरा. टायरवर आणि जमिनीवर एकाच रेषेत खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर मोजा. टायरवर छापलेल्या मापावरून गणित करू नका. ओझ्याखाली टायर बसतो, त्यामुळे खरा आकडा नेहमी थोडा कमी येतो. समजा २.४० मीटर आला. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ६९४ फेरे. त्याला ॲक्सलच्या ४.१० ने गुणलं की प्रोपेलर शाफ्टचे फेरे मिळतात: सुमारे २,८५०. तुमच्या आताच्या बॉक्सचा चौथा गिअर सरळ, म्हणजे एकास एक आहे. त्यामुळे इंजिनही तेवढेच फेरे घेतं.

पेट्रोल व्ही-८ ला २,८५० चं काही वाटत नाही. पण जुन्या ५.९ कमिन्सचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर साधारण २,५०० ते २,७०० च्या दरम्यान डिझेल तोडतो. म्हणजे सध्याचा बॉक्स ठेवून नुसतं इंजिन बदललंत तर गाडी शंभरला पोचणारच नाही. नव्वदच्या आसपास तिचा श्वास संपेल आणि तोवर केबिनमध्ये बोलणं ऐकू येणार नाही. आता शेवटचा गिअर ०.७३ चा धरा. २,८५० चे २,०८० होतात. हे इंजिन पिळाचा कमाल जोर १,६०० ते १,७०० च्या आसपास देतं, त्यामुळे २,०८० ला ते निवांत असतं आणि समोर चढ आला तर फेरे उतरताना जोर वाढतो, कमी होत नाही. डिझेल ट्रक चढावर चिवट वाटतो त्याचं कारण हेच आहे.

इथे पुष्कळ जण आणखी एक पाऊल टाकतात: ओव्हरड्राइव्ह तर घेतोच आहोत, मग ॲक्सलही ३.५४ चा करू, फेरे अजून उतरतील. शंभरला १,८०० च्या खाली येतात, कागदावर छान दिसतं. पण ट्रेलर लावून ताशी ८० ला चालवा, फेरे १,४३५ वर येतात. तिथे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) धड भरलेला नसतो, पाय दाबला की डिझेल जास्त जातं, हवा कमी पडते, काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. मग तुम्ही चौथ्यावर याल आणि दिवसभर चौथ्यावरच राहाल. म्हणजे पाचवा गिअर घेतला कशाला? तुमचं काम ट्रेलरचं आहे, तर ४.१० तसाच ठेवा. ८० ला पाचव्यात १,६६० मिळतात, अगदी जोराच्या जागी. ३.५४ हा ओझं क्वचितच ओढणाऱ्याचा ॲक्सल आहे.

कुणी म्हणेल, मग ३.०७ चा ॲक्सल लावून जुना चार गिअरचा बॉक्सच का ठेवू नये? शंभरला २,१३० येतात, जवळजवळ तेच. खरंय, पण मग पहिल्या गिअरचीही ताकद त्याच प्रमाणात उतरते. चढावर भरलेला ट्रेलर उचलताना क्लच जळतो तो इथे. ओव्हरड्राइव्हने उचल शाबूत राहते आणि पळ वाढते, दोन्ही एकाच ॲक्सलवर. त्यासाठीच तर तो हवा.

ॲक्सलची ताकदही याच वेळी तपासा. समजा जुनं इंजिन ३५० न्यूटन-मीटर देत होतं आणि जुन्या बॉक्सचा पहिला गिअर ६.६८ चा होता. ४.१० धरून मागच्या शाफ्टांवर जास्तीत जास्त सुमारे ९,६०० न्यूटन-मीटर येत होते. १९८९ सालचं साधं १६० अश्वशक्तीचं कमिन्सही ५४० च्या वर देतं. ५.६१ च्या पहिल्या गिअरने तोच आकडा १२,४०० च्या पुढे जातो. म्हणजे पहिला गिअर हलका झाला तरी ॲक्सलवरचा भार जवळपास तीस टक्क्यांनी वाढतो. मागे फुल फ्लोटिंग ॲक्सल असेल, म्हणजे वजन हाउसिंगने पेललेलं आणि शाफ्टने फक्त पीळ द्यायचा, तर चिंता नाही. हलका सेमी फ्लोटिंग असेल तर तो बदलल्याशिवाय पुढचं काही करू नका. क्राऊन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या मुख्य गिअर-जोडीचा) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, आणि पिनियनच्या बेअरिंगची ढिलाई आत्ताच बघा. डिझेलचे ठोके ती ढिलाई फार लवकर वाढवतात.

प्रोपेलर शाफ्टबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकतो, की ओव्हरड्राइव्हने शाफ्ट जास्त वेगाने फिरतो म्हणून तो कंप पावतो. तसं नाही. ठरावीक वेगाला शाफ्टचे फेरे टायर आणि ॲक्सल ठरवतात, गिअरबॉक्स नाही. शंभरला तो आधीही २,८५० नेच फिरत होता. कंप येतो तो कोनामुळे. नवा बॉक्स लांब असतो, शाफ्ट आखूड होतो आणि आखूड शाफ्टचा कोन वाढतो. शिवाय इंजिन बसवताना जागेसाठी कुणी ते उंच धरतं, कुणी मागून जास्त झुकवतं. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (शाफ्टच्या वळत्या सांध्यांचे) कोन एकमेकांच्या एक अंशाच्या आत हवेत आणि प्रत्येक कोन एक ते तीन अंशांत बसला तर उत्तम. शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि तिथेच खड्डे पडतात. हे माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्यायचं, जॅकवर टांगलेली असताना नाही. शाफ्ट कापायला सगळ्यात शेवटी द्या, इंजिन आणि बॉक्स कायमच्या फाउंडेशनवर (चेसिसवरच्या आधारांवर) बसल्यावर, आणि बॅलन्स करून घ्या. स्लिप योकला (बॉक्सशी जोडणाऱ्या, सरकत्या टोकाला) आत-बाहेर सरकायला दोन्ही बाजूंनी जागा उरली पाहिजे, नाहीतर पाटे दबले की शाफ्ट बॉक्सच्या बेअरिंगवर धक्का मारतो.

आता गिअरबॉक्स. डॉजच्या १९९४ नंतरच्या ट्रकमध्ये या इंजिनामागे एनव्ही४५०० हा पाच गिअरचा बॉक्स आला. गुणोत्तरं ५.६१, ३.०४, १.६७, १.०० आणि ०.७३. लोखंडी खोक्याचा, वजनदार, आणि मला आवडतो, कारण आतलं काम साधं आहे आणि सुटे भाग मिळतात. जनरल मोटर्सच्या ट्रकमध्येही याच नावाचा बॉक्स यायचा, पण त्याचा इनपुट शाफ्ट आणि पुढची बांधणी वेगळी असते. नुसतं नाव बघून घेऊ नका. शक्य असेल तर ज्या गाडीतून इंजिन येतंय त्याच गाडीतून बॉक्स घ्या.

या बॉक्सचे दोन स्वभाव ठाऊक असू द्या. पहिला पाचव्या गिअरचा. तो मेन शाफ्टच्या मागच्या टोकाला एका मोठ्या नटाने धरलेला असतो. सहा सिलिंडरच्या डिझेलचे ठोके आणि पाचव्यात कमी फेऱ्यांवर ओढलेलं ओझं यांनी तो नट सैल होतो, गिअर मागे सरकतो आणि एके दिवशी पाचवा गायब होतो. बॉक्स अजून जमिनीवर आहे तोवर मागचं हाउसिंग उघडा, स्प्लाइन झिजलेत का बघा आणि नट नव्या, पक्क्या लॉकच्या नटाने बदला. गाडीखाली झोपून हेच काम करायला दिवस जातो. दुसरा स्वभाव तेलाचा. याला जीएल-४ दर्जाचं तेल लागतं. बहुतेक जण ॲक्सलचं जीएल-५ ओततात, तेही गिअरचंच तेल म्हणून. त्यातली रसायनं सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या, पितळी भागांना खातात. हजारो किलोमीटरनंतर गिअर पडताना कुरकुर सुरू झाली की लोक बॉक्सला दोष देतात.

गिअरमधली अंतरंही समजून घ्या. चौथ्यातून पाचव्यात जाताना फेरे २७ टक्के उतरतात: २,५०० वर बदललात तर १,८२५ वर पडाल, छान. पण तिसऱ्यातून चौथ्यात ४० टक्के उतरतात, २,५०० चे थेट १,५००. भरल्या ट्रेलरने लांब चढ चढताना हीच दरी तुम्हाला जाणवणार आहे. तिसऱ्यात इंजिन गव्हर्नरला टेकतंय आणि चौथा टाकला तर खेचत नाही. त्यावर उपाय तिसऱ्यात धीर धरणं हाच, किंवा गुणोत्तरं जवळजवळ असलेला सहा गिअरचा बॉक्स. लांब आणि मोठे चढ रोजचे असतील तर सहा गिअरचा विचार जरूर करा. आणि ओझं अगदी जड असेल तर पाचव्यात न जाता चौथ्यातच राहा. चौथ्यात जोर इनपुटमधून सरळ आउटपुटला जातो, पाचव्यात तो काउंटर शाफ्टच्या दातांमधून फिरून येतो, तिथे उष्णता निर्माण होते.

ऑटोमॅटिक हवा असेल तर डॉजचाच ४७आरएच आहे, शेवटचा गिअर ०.६९. त्याची थ्रॉटल केबल आतलं तेलाचं प्रेशर ठरवते, नुसतं गिअर कधी बदलायचा एवढंच नाही. ती सैल राहिली की क्लच प्लेटा घसरून जळतात. ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअपसाठी (इंजिन आणि बॉक्स घसरण न होता थेट जोडणारा क्लच) वेगळी वायरिंग करावी लागते. जुन्या बॉक्सच्या मागे जोडायची वेगळी ओव्हरड्राइव्ह पेटीही मिळते, तुमचा चार गिअरचा बॉक्स डिझेलचा जोर झेलणारा असेल तर तो चांगला मार्ग आहे.

इंजिनाकडे येऊ. ५.९ कमिन्स डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ पासून आलं. १९९३ पर्यंतच्या इंजिनांवर बॉशचा व्हीई हा रोटरी पंप, १९९४ ते १९९८ च्या इंजिनांवर बॉशचा पी७१०० हा इनलाइन पंप. १९९८ च्या मध्यापासून चोवीस व्हॉल्व्हचं इंजिन आलं, त्याचा व्हीपी४४ पंप इलेक्ट्रॉनिक आहे. २००३ पासून कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल. जुन्या ट्रकसाठी मी बारा व्हॉल्व्हचंच सांगेन, म्हणजे १९९८ च्या मध्याआधीचं. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. व्हीई पंपाच्या इंजिनाला तर चालू राहण्यासाठी एकच वायर पुरते, पंपावरच्या सोलेनॉइडला (विजेवर डिझेल सोडणारी-बंद करणारी कळ) बारा व्होल्ट. पी७१०० जास्त जोर देतो. १९९६ ते १९९८ च्या मॅन्युअल गाड्यांत २१५ अश्वशक्ती आणि ५९० च्या पुढे न्यूटन-मीटर होते, आणि नंतर जोर वाढवायचा झाला तरी तो कमी पडत नाही. तुमच्या कामाला दोन्ही चालतील. निरोगी व्हीई मिळालं तर थकलेल्या पी७१०० च्या मागे लागू नका.

चोवीस व्हॉल्व्हचं इंजिन समोर आलंच, तर ब्लॉकच्या बाजूला ५३ हा आकडा ओतलेला आहे का ते बघा. १९९९ ते २००१ च्या त्या ब्लॉकांना पाण्याच्या जॅकेटपाशी तडा जातो. आणि व्हीपी४४ पंप टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या प्रेशरवर जगतो. टाकीतून डिझेल आणणारा लिफ्ट पंप कमजोर झाला की महागडा पंप कोरडा पडून मरतो.

नुसतं सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या. अपघातात मागून चेपलेली असली तरी चालेल. फाउंडेशन, अल्टरनेटरचे ब्रॅकेट, इंटरकूलर, क्लचचा पेडल आणि हायड्रॉलिक, ॲडॉप्टर प्लेट, फ्लायव्हील, सेल्फ, व्हॅक्यूम पंप, वायरिंग, ॲक्सिलरेटरची जोडणी, सगळं एकमेकांशी जुळलेलं मिळतं. सुटं सुटं जमवताना एकेका ब्रॅकेटसाठी आठवडे जातात. ट्रकांतली, बसांतली आणि जनरेटरवरची हीच इंजिनं मिळतात, पण त्यांचं फ्लायव्हील हाउसिंग, ऑइल चेंबरचा खोलगट भाग आणि एक्झॉस्टचं तोंड वेगळ्या जागी असतं. काहींची वायरिंग २४ व्होल्टची असते, आणि जनरेटरवरच्या पंपाचा गव्हर्नर एकाच वेगाला बांधलेला असतो. तो रस्त्यावर अजिबात चालत नाही.

घेण्याआधी इंजिन थंड असताना सुरू होताना बघा. हात लावून खात्री करा की मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं नाही. गरम झाल्यावर तेल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून नळकांड्यावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांमधून हवा खाली येतेय.

हे इंजिन गाडीत जाण्याआधी एक काम करायचंच आहे, कितीही घाई असली तरी. बारा व्हॉल्व्हच्या आणि सुरुवातीच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनात टायमिंग गिअरच्या हाउसिंगला जागेवर धरणारी एक पोलादी डॉवेल पिन असते, ती नुसती ठोकून बसवलेली. कंपनांनी ती हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस गिअरमध्ये पडते. हाउसिंग फुटतं, कधी कॅमही जातो. बाहेर स्टँडवर असताना पुढचं कव्हर काढून तिच्यावर एक पट्टी बोल्टने दाबून बसवायची, आत हात घातलाच आहे तर हाउसिंगचे बोल्टही लॉकिंग द्रव लावून पुन्हा आवळायचे. अर्ध्या दिवसाचं काम. रेडिएटर, पंखा सगळं लागल्यावर तेच काम फार जिकिरीचं होतं. त्याच वेळी व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर लावून घ्या: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर.

इंजिन पाणी-तेलासकट अर्ध्या टनाच्या आसपास भरतं. जुन्या व्ही-८ पेक्षा पुढच्या ॲक्सलवर दोनशे किलोहून जास्त वजन येणार. त्यामुळे पुढचे स्प्रिंग जड करावे लागतील, शॉकॲब्सॉर्बर बदलावे लागतील, आणि स्टिअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बोल्टने धरलाय तिथे तडे आहेत का, ते घासून स्वच्छ करून बघावं लागेल.

बसवताना लांबीचं माप आधी घ्या. सरळ सहा सिलिंडर म्हणजे लांब आणि उंच इंजिन. मागे सहाव्या सिलिंडरचं टॅपेट कव्हर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) खेटतं, पुढे पंखा रेडिएटरला. ऑइल चेंबर क्रॉस मेंबरवर येतो का, स्टिअरिंगचा रॉड पूर्ण वळताना त्याला लागतो का, हे दोन्ही टोकांना स्टिअरिंग फिरवून बघा. इंजिन मागच्या बाजूला साधारण तीन अंश झुकलेलं ठेवा. फाउंडेशनच्या प्लेटा आधी नुसत्या टाक्याने चिकटवा, बॉक्सही जोडा, बोनेट लावून बघा, मगच पूर्ण वेल्ड करा.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी पंखा आणि रेडिएटर यांच्यात पंधरा मिलिमीटर अंतर ठेवलं होतं. उभ्या गाडीत ते पुरेसं दिसत होतं. पहिल्याच जोरदार ब्रेकला जड इंजिन रबरांवर पुढे झुकलं आणि पंख्याने रेडिएटरमध्ये गोल कापून काढला. गाडी रस्त्यात, ग्राहक गाडीत. तेव्हापासून मी पंचवीसहून कमी ठेवत नाही आणि जागा मिळाली तर चाळीस ठेवतो. गरज पडली तर रेडिएटरचा आधार पुढे सरकवतो, पण फायरवॉल ठोकून जागा काढत नाही.

क्लचच्या जोडणीत बेल हाउसिंगचं (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या खोक्याचं) केंद्र तपासणं बरेच जण टाळतात आणि नंतर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं की आश्चर्य करतात. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवा आणि क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. बेल हाउसिंगच्या भोकात काटा एकूण पाव मिलिमीटरच्या आत फिरला पाहिजे. पायलट बेअरिंग नवं घाला. ते हाताशी आहे तोवर स्वस्त आहे.

आता अशा गोष्टी ज्या पेट्रोल गाडीत नसतात. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. व्हॅक्यूमवर चालणारा तुमचा ब्रेक बूस्टर मेलेला असेल. डॉजच्या इंजिनावर गिअरने चालणारा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याच्याच पाठीला स्टिअरिंगचा पंप जोडलेला असतो. तो इंजिनाबरोबर आला तर प्रश्न सुटला. दुसरा मार्ग स्टिअरिंगच्या तेलावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर. मी जड ट्रेलरसाठी हाच पसंत करतो, कारण त्याचा दाब जास्त असतो. ब्रेकची पूर्ण परीक्षा झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.

डिझेलची लाइन जाण्यासाठी आणि येण्यासाठी अशी दुहेरी लागते. इंजेक्टरांचं आणि पंपाचं जादा डिझेल टाकीत परत जातं. कार्बोरेटरच्या गाडीत एक तर परतीची लाइन नसते, किंवा असते ती अगदी बारीक. जाणारी लाइन दहा मिलिमीटरच्या आसपास ठेवा. पी७१०० ला साधारण दीड ते दोन बार प्रेशर सतत मिळालं पाहिजे, लिफ्ट पंपाने ते दिलं की नाही हे गेज लावून बघा. टाकी आतून पूर्ण धुवा, आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा डबा डिझेलला वापरू नका. डिझेल जस्ताशी बिघडून गाळ धरतं आणि तो नोझलपर्यंत जातो. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकीजवळ लावा.

इनटेकमधल्या हवा तापवणाऱ्या जाळीला फार मोठा करंट लागतो. तिच्या वायरी आणि रिले मूळ गाडीतलेच वापरा. पी७१०० च्या सोलेनॉइडला दोन कॉइल असतात, एक ओढून घेणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढणारी क्षणभरच चालू हवी. ती चावीला कायमची जोडली तर काही वेळात जळते. इंजिन ते चेसिस जाड अर्थिंगचा पट्टा जरूर लावा. तो विसरला की सेल्फचा करंट क्लचच्या केबलीतून, बेअरिंगांतून वाट काढतो. जुन्या डॅशबोर्डचा अँपिअर मीटर काढून व्होल्ट मीटर लावा, नव्या अल्टरनेटरचा भार त्याच्या वायरींना पेलणार नाही.

टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान मोजणारं गेज लावा, ही माझी मनापासूनची विनंती. सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास जास्त वेळ राहू देऊ नका. पंपाचं सेटिंग वाढवायचा मोह होईल, पण गेज बघितल्याशिवाय वाढवू नका. रेडिएटर व्ही-८ चा पुरत नाही. क्षेत्रफळाने मोठा घ्या, आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या इंजिनाला ८२ ते ८८ अंशांवर चालायचं असतं. थंड चाललं तर सिलिंडर लवकर झिजतात.

कागदपत्रांचं काम वेल्डिंगच्या आधी करा. इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि धुराचे निकष तुमच्या ठिकाणच्या वाहन नोंदणी कार्यालयात लेखी विचारून घ्या. गाडी तयार झाल्यावर परवानगी मागणारे बरेच जण अडकलेले मी पाहिलेत.

पहिल्यांदा सुरू करताना टर्बोच्या तेलाच्या तोंडात तेल ओता, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा आणि तेलाचं प्रेशर येईपर्यंत थांबून थांबून फिरवा. मग हातपंपाने डिझेल चढवा. नोझलच्या लाइनीचे नट ढिले करा, हवा निघून जाऊन निखळ डिझेल दिसलं की आवळा. बाहेर येणाऱ्या डिझेलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, त्या दाबाने डिझेल कातडीत शिरतं. एक जाड सपाट फळी हाताशी ठेवा. इंजिन स्वतःहून वेगात धावायला लागलं आणि सोलेनॉइडने थांबलं नाही, तर इनटेकच्या तोंडावर ती फळी दाबायची. हात किंवा फडकं कधीही नाही, ते आत ओढलं जातं.

पहिले ५०० ते ८०० किलोमीटर क्लच बसेपर्यंत ट्रेलर लावू नका. शंभर किलोमीटर झाले की खाली जा, फाउंडेशनचे, बेल हाउसिंगचे, क्रॉसचे आणि पुढच्या स्प्रिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. नवे रबर या वजनाखाली काही मिलिमीटर बसतात, त्यामुळे क्रॉसचे कोन आणि पंखा-रेडिएटरमधलं अंतर दोन्ही पुन्हा मोजा.